बंद इंजिनाची मिरवणूक

बाबा गेल्यानंतर भेटायला येणारी माणसं जिना चढण्याआधी खाली थोडी थांबायची. बदलापूरच्या आमच्या सोसायटीत जिन्याच्या तोंडाशीच बाबांची गाडी उभी होती. वर येऊन, पाणी पिऊन, आईजवळ जरा वेळ गप्प बसून झालं की कोणी ना कोणी हळूच विचारायचं, "गाडी चालू आहे ना अजून?"

"हो, चालू आहे," माझा धाकटा भाऊ म्हणायचा.

गाडी चालू नव्हती. दोन वर्षं ती जागची हलली नव्हती. आतल्या खोलीत आईला हे सगळं ऐकू जायचं. मी चहाचे कप गोळा करायला उठायचे. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी, तेही या दिवसांत, घरात खोटं बोललं जातंय याची मला लाज वाटायची. पण भावाने खरं सांगितलं असतं तर आणखी वाटली असती, हेही मला कळत होतं.

ती गाडी जुन्या वळणाची. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी धावायच्या त्याच जातीची. पण रंग फिकट हिरवा, दुधात कालवल्यासारखा. गोल दिवे, पुढे बाकासारखी सलग सीट, आणि गियरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बाजूला. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. सुटीच्या दिवशी ते उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पातल्या एका सिंधी कापडवाल्याकडे त्याची शिवणयंत्रं दुरुस्त करायला जात. त्या शेठने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी बाबांना दिली. "साईं, तुमच्या हाताला यंत्र ऐकतं. दुसऱ्याला दिली तर मारून टाकेल," असं तो म्हणाला होता म्हणे. हे वाक्य बाबा आम्हाला वारंवार सांगायचे, अगदी त्याच्या उच्चारासकट.

तेव्हा आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. आमच्या वस्तीतली ती पहिली गाडी. वस्ती सगळी आमचीच, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांची; कोणी कारखान्यात, कोणी नगरपालिकेत, कोणी मुंबईला कचेरीत. गाडी आमची म्हणण्यापेक्षा वस्तीचीच होती. बाळंतिणी तिच्यातून गेल्या, दहावीची मुलं परीक्षेच्या केंद्रावर गेली, एकदा वांगणीच्या डोंगरावरच्या वाडीतून साप चावलेला माणूस आला. तांदळाची पोती आली. बाबा कोणाला नाही म्हणत नसत. कोणी म्हणालं, "गाडी खराब होईल हो," तर ते म्हणत, "उभी राहून जास्त होते. रबर सुकतं, टाकीत गंज धरतो. तिला चालू दे." त्यांचं गाडीबद्दलचं तत्त्वज्ञान एवढंच.

दोन हजार सालानंतर आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. इथे गाडीची किंमत बदलली. आधी ती खटारा ठरली. सोसायटीच्या सभेत एकाने विचारलं, "काका, हे भंगार इथे किती दिवस?" आणखी काही वर्षांनी तीच गाडी क्लासिक झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनियर मुलाने तिच्याशेजारी उभं राहून मोबाइलवर फोटो काढून घेतला. "काका, व्हिंटेज पीस आहे हा. सांभाळा," असं म्हणाला. बाबांनी त्या दिवशी दोनदा गाडी पुसली. मला दोन्ही वेळी सारखंच अवघडल्यासारखं झालं होतं. श्रीमंताच्या दारात जुनी गाडी असली की ती हौस असते. आमच्या दारात होती, कारण आमच्याकडे दुसरी नव्हती. हा फरक त्या मुलाला ठाऊक नव्हता, आणि बाबा तो विसरायला तयार होते.

जयंतीच्या मिरवणुकीत तसबीर बाबांच्या गाडीवर ठेवायची, हा वस्तीचा जुना रिवाज. आम्ही बदलापूरला आल्यावरही दर एप्रिलमध्ये बाबा गाडी घेऊन अंबरनाथला जात. टपावर लाकडी चौथरा बांधायचा, त्याला निळं कापड, त्यावर तसबीर, खाली झेंडूच्या माळा. पुढे ढोल किंवा डीजे, मागे पांढऱ्या साडीतल्या बायका. बाबा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर. वर्षातल्या त्या एका दिवसासाठी ते महिनाभर बॉनेटखाली डोकं घालून असत.

अडचण चालीची होती. मिरवणूक मुंगीच्या पावलाने जाते. चौकाचौकात थांबते, नाचते. जुन्या गाडीचा पंखा इंजिनावरच फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद. त्यात एप्रिलचं ऊन. दर वर्षी पाणी आदल्या वर्षापेक्षा थोडं आधीच उकळायला लागलं. एका वर्षी भर बाजारात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि माळांना आग लागली असं समजून बायका बाजूला पळाल्या. बाबा उतरले, फडक्याने झाकण उघडलं, हात भाजला. तसबीर पंधरा मिनिटं ऊन खात थांबली, आणि ते बाबांना हातापेक्षा जास्त भाजलं.

पुढच्या वर्षी कमिटीची पोरं आधीच घरी आली. पोरं म्हणजे पंचवीस-तिशीची, बाबांच्या डोळ्यांदेखत वाढलेली.

"काका, आम्ही एक आयडिया केलीये," त्यांच्यातला एक म्हणाला. "गाडी तुमचीच. पण इंजिन बंद ठेवायचं."

"मग जाणार कशी?"

"न्यूट्रलला टाका. आम्ही आठ जण मागून ढकलतो. एकदम स्मूथ. तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरायचं."

बाबा हसले. "मग गाडी कशाला? हातगाडी आणा. तिला स्टिअरिंगपण नको."

"काका, राग नका मानू. डीजेपुढे इंजिन चालू काय न् बंद काय, कोणाला ऐकू येतंय? गाडी दिसायला पाहिजे, बास. अख्ख्या अंबरनाथमध्ये अशी गाडी कोणाकडे आहे?"

"दिसायला पाहिजे," बाबा म्हणाले. त्यांनी ते शब्द नुसते परत म्हटले. मग आईकडे बघितलं. आई शेंगा सोलत होती. "हो म्हणा," ती म्हणाली. "मागच्या वेळचा हात आत्ता कुठे बरा झालाय."

त्या मिरवणुकीत मी गाडीच्या उजव्या बाजूने चालत होते. मी उल्हासनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या दोन विद्यार्थिनी त्या दिवशी भेटल्या आणि माझ्याबरोबर चालू लागल्या. त्यांना दाखवावं म्हणून मी गाडीकडे वळले, "हे माझे बाबा," म्हणाले, आणि उघड्या खिडकीतून मला बाबांचा पाय दिसला. त्यांनी क्लच दाबला, स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला, पहिला गियर टाकला. मग परत न्यूट्रल. क्लच पायाखालीच होता, त्यामुळे मागून ढकलणाऱ्यांना काही जाणवलं नसणार. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. चौक आला तेव्हा त्यांनी मान वर करून आरशात बघितलं, गियर बदलला, आणि गर्दीतल्या कोणाला तरी हात केला.

मिरवणुकीच्या चालीला गियर बदलावा लागत नाही. मी गाडी चालवत नाही, पण इतकं मलाही कळत होतं. इंजिन बंद होतं. बाबा गाडी चालवण्याचा अभिनय करत होते.

मुली म्हणाल्या, "मॅडम, किती छान चालवतात." मी "हो" म्हणाले आणि पुढे बघून चालू लागले. माझे कान तापले होते. मला वाटलं, हे आत्ता सगळ्यांना दिसतंय. आठ जण मागून ढकलताहेत हे तर कोणापासूनच लपलेलं नव्हतं. मग ते कोणासाठी करत होते? माझ्या मुलींसाठी? आईसाठी? की पायांना आणि हातांना सवय होती, आणि त्यांना थांबवणं बाबांना जमलं नाही? आजही मला नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईने विचारलं, "काल गरम नाही ना झाली?"

"कशी होईल?" बाबा म्हणाले. "बंद होती."

"मग बरं."

"हो, बरं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पोरं चांगली आहेत. एकानेही हात काढला नाही शेवटपर्यंत." मग त्यांनी भात वाढून घेतला. त्या दिवशी कोणी त्या गोष्टीला हात लावला नाही, आणि नंतरही नाही.

त्यानंतर मात्र बाबांनी गाडी बाहेर काढली नाही. पुढच्या वर्षी कमिटीने ट्रक ठरवला. बाबांनी गाडीला खाकी कापडाचं आवरण शिवून घेतलं. रविवारी सकाळी वंदना झाली की खाली जायचं, आवरण काढायचं, पुसायचं, कोणी थांबलं तर त्याला दाखवायचं. "हा गियर बघा, आता मिळत नाही. ही काच ओरिजिनल." जाणारे येणारे मान हलवायचे. एकदा चिखलोलीहून एक कुटुंब मुलांना घेऊन मुद्दाम गाडी बघायला आलं. बाबांनी मुलांना आत बसवलं, हॉर्न वाजवू दिला. मी वरून बघत होते. जो माणूस कधी कोणाला गाडीत बसवून जागेवर उतरवत नव्हता, तो आता रांगेने मुलं बसवत होता आणि जागेवरच उतरवत होता. मला बाल्कनीतून आत यावंसं वाटलं आणि मी आत आले.

छातीत दुखायला लागलं तेव्हा बाबा जिना स्वतः उतरले. रिक्षा आली होती. गाडीजवळून जाताना त्यांनी आवरणाचा सुटलेला कोपरा खोचला. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. भाऊ नंतर कितीतरी वेळा म्हणाला, "ताई, गाडी चालू असती तरी आपण रिक्षानेच गेलो असतो." ते खरं होतं. तरी ते त्याला म्हणावं लागत होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भावाच्या कचेरीतल्या एका साहेबांबरोबर त्यांचे ठाण्याचे मित्र आले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. भन्तेजींची देसना ऐकून झाली, जेवणं झाली, आणि हे गृहस्थ खाली उतरून गाडीभोवती फिरून आले. हात मागे बांधून, एखाद्या लेण्यात फिरावं तसे. माणूस सभ्य होता.

"हिला अजिबात हात लावू नका," ते आईला म्हणाले. "एक स्क्रूसुद्धा बदलला नाहीये. अशी गाडी चालवायची नसते, मावशी. दर मैलाला ती थोडी थोडी झिजते. शेडमध्ये ठेवायची, झाकून, कोरडी. माझ्याकडे जागा आहे. घाई नाही. विचार करा."

आई म्हणाली, "झिजते म्हणून चालायचंच नाही?"

"तसं नव्हे. पण आता तिचं काम चालणं नाही. आता ती बघायची वस्तू आहे."

"माझी पण वयाने तीच गत आहे," आई म्हणाली. "मला पण ठेवता का शेडमध्ये?"

सगळे हसले, तेही हसले. आई हसली नव्हती.

त्याच दिवशी कमिटीतला एक जण जाताना म्हणाला, "काकी, या वर्षी जयंतीला गाडी परत काढायची का? काकांच्या आठवणीसाठी. आम्ही आहोतच ढकलायला."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ढकलून न्यायची असेल तर नको, बाळा. स्वतःच्या जोरावर गेली तर येईल."

लोक गेल्यावर ती आम्हाला म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला दिसलं नव्हतं. मी गाडीच्या डाव्या बाजूने चालत होते." इतकंच. मग ती ताटं आवरायला लागली. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. तो त्या वर्षी मागे, ढकलणाऱ्या आठांमध्ये होता. त्यालाच काही माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं.

आता गाडी दुरुस्तीला उल्हासनगरला नेणं भाग होतं. टोचनच्या गाडीने ती उचलून नेली, पुढची चाकं हवेत. सोसायटीतले लोक बघत होते. एकाने विचारलं, "विकली का?" भावाने पहिल्यांदाच खरं सांगितलं. "नाही. बंद पडलीये. दुरुस्तीला नेतोय."

गॅरेजवाला सिंधी, बाबांच्या ओळखीतला, बोलायला मोकळा. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि कान खाजवला.

"दीदी, चालू तर होईल. पण मिरवणूक म्हणता ना? ती मुश्किल. गरम होणारच."

"उपाय नाही?"

"आहे एक. बॅटरीवर चालणारा पंखा लावतो पुढून. पण जागा नाहीये. हा पत्रा कापावा लागेल, जाळीपण थोडी. मग ओरिजिनल नाही राहणार, साईं. शौकीन लोक बघतील आणि तोंड फिरवतील." तो भावाकडे वळला. "आणि गॅरंटी मी देत नाही. तेवढ्या उन्हात टिकेल का, मलापण माहीत नाही. शोला ठेवायची तर आत्ता अशीच घेऊन जा. पॉलिश मारून देतो, बारातीतल्या घोड्यासारखी दिसेल."

भाऊ म्हणाला, "ताई, तू बोल. बाबांनी एक स्क्रू बदलला नव्हता."

मी पुस्तकं जपणारी बाई. पानाचा कोपरा दुमडलेला मला सहन होत नाही. ती जाळी, ते बारीक चकाकणारे आडवे पट्टे, बाबा जुन्या ब्रशने त्यांच्या फटीफटीतून धूळ काढायचे. आणि पंखा लावूनही गाडी चौकात उकळली असती तर? जाळी गेली असती आणि बाबांचं हसूही झालं असतं, ते नसताना. आईला फोन लावला. मी सगळं नीट सांगितलं, दोन्ही बाजू. कॉलेजात शिकवते तसं.

"काप म्हणावं," आई म्हणाली.

ठाण्याच्या गृहस्थांना भावाने कळवलं. "अरेरे," ते म्हणाले, आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. गाडी परत आली तेव्हा तिच्या तोंडाचा मधला भाग काळा, उघडा होता, दात पडल्यासारखा. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बघून म्हणाला, "कोणी केलं हे?" मी मान खाली घालून जिना चढले.

जयंतीला भाऊ स्टिअरिंगवर बसला, आई त्याच्या शेजारी. तसबीर टपावर. ऊन नेहमीसारखंच. मी बायकांमध्ये चालत होते आणि माझं सगळं लक्ष बॉनेटकडे. पहिला चौक गेला. बाजारात, जिथे वाफ आली होती तिथे, नाच लांबला आणि मला वाटलं, आता. वाफ आली नाही. भाऊ घामाने भिजला होता. मागे पोरांनी सवयीने डिकीला हात लावले होते. भावाने डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "हात काढा रे, गाडी चालू आहे." त्यांनी हसत हात काढले आणि दहा पावलांनी परत लावले.

डीजेच्या आवाजात इंजिन कोणालाच ऐकू येत नव्हतं. गाडी मागच्या वेळी जशी जात होती तशीच जात होती, तीच चाल, तेच हात मागे. बघणाऱ्याला काही फरक नव्हता.

मला राहवेना. माझ्या शेजारी आमच्या जुन्या आळीतल्या मावशी चालत होत्या. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणाले, "मावशी, आज इंजिन चालू आहे."

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "अगं, दर वर्षी चालूच असतं की. तुझा बाप काय बंद गाडी आणणार होय?"

मी "नाही" म्हणाले. दोन वर्षं मी ज्या गोष्टीने कानकोंडी झाले होते, ती या बाईला दिसलीसुद्धा नव्हती. हायसं वाटायला हवं होतं. पण मला आणखी कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पुढच्या रांगेतल्या बाईला, डीजेवाल्याला, गच्चीतून बघणाऱ्यांना. जाळी कापली, शौकिनाला घालवलं, ते गाडीने नुसतं चालावं म्हणून. आणि आता ती चालत होती तर मला लोकांनी ते बघायला हवं होतं. शेडमध्ये गाडी ठेवून दाखवणाऱ्या माणसाला मी मनात नावं ठेवली होती. बाबांच्या रविवारच्या पुसण्याचीही मला लाज वाटली होती. माझंही तेच चाललं होतं.

पुढच्या चौकात मिरवणूक थांबली तेव्हा आईने खिडकीतून हात बाहेर काढून मला बोलावलं. "दमलीस. बस मागे."

"सगळ्या चालताहेत, आई. बरं दिसत नाही."

"दिसू दे," ती म्हणाली.

मी दार उघडून मागे बसले. माझ्याहून वयाने मोठ्या बायका बाहेर उन्हात चालत होत्या आणि त्यांतल्या एकदोघींनी आत डोकावून बघितलं. मी त्यांची नजर टाळली. आत डीजेचा आवाज जरा बसका होता. सीट थरथरत होती, पायांखालचा पत्रा थरथरत होता, आणि ती थरथर गुडघ्यांपर्यंत येत होती. आई पुढे ताठ बसली होती. तिने तळवा डॅशबोर्डवर टेकवलेला होता, आणि मिरवणूक विहारापाशी संपेपर्यंत तो तिथून काढला नाही.